ढेकणांपायी आत्याबाई वारल्या

कडकबाईंना हे नाव गल्लीनं दिलं होतं, आणि ते त्यांना दोन कारणांनी शोभायचं. एक म्हणजे त्यांच्या लॉजमधल्या चादरींची खळ. त्या चादरीवर कूस बदलली की वर्तमानपत्र चुरगळल्यासारखा आवाज यायचा आणि हलक्या झोपेचा माणूस स्वतःच्याच हालचालीनं दचकून उठायचा. दुसरं कारण म्हणजे बाईंचा स्वभाव. खळ तिथेही जरा जास्तच पडली होती.

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा लॉज सासऱ्यांच्या ताब्यात होतं. बसस्टँडवर उतरलेला माणूस तिथे एकाच कारणासाठी यायचा, शेवटची बस चुकली म्हणून. सासरे माणूस भला, पण गिऱ्हाईक झोपायला येतं, बघायला नाही, असा त्यांचा पक्का समज. अंधारात सगळ्या चादरी पांढऱ्याच, असं ते म्हणायचे. कडकबाईंनी आल्या आल्या पडदे जाळले, मग गाद्या बदलल्या, आणि शेवटी सासऱ्यांना सन्मानानं व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवून किल्ल्यांचा जुडगा आपल्या कमरेला लावला. सासरे पुढे यथावकाश गेले. जुडगा कमरेलाच राहिला.

नवरा काउंटरवर बसायचा. स्वभावानं गायीपेक्षा गरीब, आणि खोटं बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. "खोली शांत आहे ना?" असं कुणी विचारलं, की "स्टँडच्या बाजूची आहे, पहाटे हॉर्न वाजतात," असं सांगून हा मोकळा. लॉजच्या धंद्यात असला माणूस म्हणजे होडीला पाडलेलं भोक. ते बुजवण्यात बाईंची निम्मी हयात गेली होती.

बरोबर समोर मिशीवाल्यांचं लॉज. मिशीवाल्यांचं आणि कडकबाईंचं वैर इतकं जुनं होतं की ते कशावरून सुरू झालं हे दोघांनाही नीट आठवत नव्हतं. कुणी प्रवासी दोन्ही पाट्यांकडे आळीपाळीनं बघत रस्त्यात उभा राहिला, की बाई दारातूनच म्हणायच्या, "तिकडे जा ना, खुशाल जा. फक्त तिथे सिंगल खोली मिळत नाही हो. ढेकूण आधीच मुक्कामाला असतात."

प्रवासी हसायचा आणि इकडे वळायचा. ही कोटी बाईंनी इतकी वर्षं चालवली होती की तिच्यावर एका खोलीचा खर्च सहज निघत असावा.

अशा बाईंच्या लॉजमध्ये एका सकाळी कवळ्यांचा एजंट चहाला खाली आला आणि हात खाजवत बसला.

हा एजंट जुनं गिऱ्हाईक. दर महिन्याला यायचा, बॅगेत नमुन्याच्या कवळ्या घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे फिरायचा, आणि राहायचा नेहमी चार नंबरमध्ये. माणूस सभ्य. म्हणाला, "डास वाढलेत वाटतं यंदा."

बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांध्या, शिंप्यानं टाके घालावेत तशा एका ओळीत. डास चावतो तो कुठेही, कसाही. रांग धरून जेवायला बसतो तो ढेकूण. नवी नवरी असताना या घरानं त्यांना एवढं ज्ञान फुकट दिलं होतं.

"डासच," बाई म्हणाल्या. "औषध मारून घेते."

"पण खिडक्यांना तर जाळ्या..." काउंटरवरून नवरा म्हणाला, आणि बाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

एजंट कामाला गेल्यावर बाई चार नंबरमध्ये शिरल्या आणि आतून कडी लावली. चादर काढली. गादीच्या शिवणीवर काळे ठिपके, पेन झटकल्यासारखे. शिवण बोटांनी फाकवली तर आत एक टम्म फुगलेला ढेकूण, भाडं आगाऊ भरल्यासारखा निवांत. बाईंनी तो अंगठ्यानं चिरडला. वास आला. तोच वास, सासऱ्यांच्या काळातला.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या, लगेच उठल्या, आणि मग काय करावं हे न सुचून खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. रडू येत नव्हतं. राग येत होता, पण कुणावर काढायचा? ज्याच्यावर काढला तो अंगठ्याला लागला होता.

घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं, म्हणजे भलतंच. नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून गादी उचलली आणि पॅसेजमधून, सगळ्या खोल्यांच्या दारांवरून, जिन्यानं वर गच्चीत नेऊन उन्हात टाकली. नवऱ्याला मध्ये दोनदा धाप लागली म्हणून ती दोन ठिकाणी टेकवली. एकदा सहा नंबरच्या दाराला आणि एकदा आठच्या.

चार दिवसांनी आठ नंबरमधला माणूस खाजवू लागला.

तेव्हा कुठे बाईंनी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला, तोही लांबच्या भागातल्या. "मागच्या दारानं या," असं तीनदा बजावलं. आला तो मागच्याच दारानं, पण त्याच्या शर्टाच्या पाठीवर उताणं पडलेलं भलंमोठं झुरळ छापलेलं. बाईंनी दारातच त्याच्यावर नवऱ्याचा कोट चढवला. कोट बसेना. झुरळाच्या मिशा कॉलरच्या वर दिसतच राहिल्या.

ते एक वेळ चाललं असतं. पण वर्षानुवर्षं मशीनच्या घरघरीत काम करून त्याचे कान गेले होते, आणि सगळं जग बहिरं झालंय अशा समजुतीनं तो बोलायचा.

"ढेकूण कुठे दिसला पहिल्यांदा?" त्यानं विचारलं. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

"हळू बोला!" बाई कुजबुजल्या.

"आं?"

"हळू!"

"हो हो, वाफ हळूच मारतो! घाईनं मारली की पळतात!"

त्यानं टॉर्च घेऊन खोल्या पाहिल्या. पलंगाच्या स्क्रूची भोकं पाहिली, दिव्याच्या बटणांच्या मागे पाहिलं. बाईंनी हौसेनं प्रत्येक खोलीत डोंगर आणि तळ्याचं एकेक चित्र लावलं होतं. चार नंबरमधलं चित्र त्यानं खिळ्यावरून काढून उलटं केलं, तर फ्रेमच्या मागे आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खं खानदान.

"जागा चांगली निवडली," तो म्हणाला. "समोर तळं, मागे भिंत. गादी कुणी हलवली होती का?"

"गच्चीवर नेली आम्ही," नवरा म्हणाला. खरं बोलायची संधी तो सोडत नसे.

"पॅसेजमधून?"

"हो."

"म्हणजे वरातच काढलीत की!" तो खदाखदा हसला. मग त्यानं बेत सांगितला. एक अख्खा दिवस लॉज रिकामं पाहिजे. सगळ्या चादरी, अभ्रे, पडदे कढत पाण्यातून काढायचे. पलंग खोलायचे. आधी वाफ, मग फटीफटीत औषध. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा हेच सगळं, कारण अंडी औषधाला भीक घालत नाहीत. "आणि हे बघा ताई, शेजाऱ्यांना सांगा. ढेकूण भिंतीतून जातो, बॅगेतून जातो, कपड्यांच्या गाठोड्यातून जातो. एकट्यानं औषध मारणं म्हणजे सर्दी झाल्यावर एकच नाकपुडी शिंकरणं."

"शेजाऱ्यांना?" बाईंचा आवाज चिरकला. समोरच्या मिशा त्यांच्या डोळ्यांपुढे थरथरल्या. "जीव गेला तरी नाही."

दिवस ठरला. पण भरल्या हंगामात लॉज बंद का, हे गल्लीला काय सांगायचं?

"रंगकाम काढलंय म्हणू," नवरा म्हणाला.

"आणि रंग कुठाय म्हणून विचारलं तर? रंगारी पलीकडच्या दारात राहतो. तुमच्या डोक्याला फासून दाखवू?"

"मग गावाला जातोय म्हणू."

"आणि दिवसभर आत खुडबुड ऐकू आली तर?" बाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "कुणी गेलं म्हणून सांगायचं. मरणाच्या दारी कुणी चौकशा करत नाही."

"पण गेलं कोण?"

"अहो, कुणीतरी गेलंच पाहिजे असं थोडंच आहे? मोघम लिहायचं."

त्याप्रमाणे दारावर पाटी लागली: 'घरातील दुःखद घटनेमुळे आज लॉज बंद.' अक्षर नवऱ्याचं. लिहिताना त्याचा घाम शाईवर इतका टपकला होता की पाटी खरोखरच शोकाकुल दिसत होती.

पेस्ट कंट्रोलवाला सकाळीच मागच्या बोळातून आत शिरला, आणि त्याच्या मशीनची घरघर सुरू होते न होते तोच पुढच्या दाराशी लाँड्रीवाला हजर. डोळे पाणावलेले. त्याच्या मागे बेकरीवाल्या काकू. त्यांच्या मागे रंगारी आणि त्याची बायको. मरणाच्या दारी कुणी चौकशा करत नाही, हा बाईंचा अंदाज साफ चुकला होता. चौकशीखेरीज तिथे लोकांना दुसरं काय काम असतं?

"वहिनी, काय हो हे?" काकूंनी बाईंचा हात हातात घेतला. "कोण गेलं?"

बाईंनी एखादा लांबचा मामा शोधायला तोंड उघडलं, पण त्याआधीच शेजारी उभ्या नवऱ्याच्या तोंडून शब्द सुटला.

"आत्या."

त्याला घाम फुटला. आदल्याच दिवशी आत्याबाईंचा फोन आला होता, तेवढं एकच नातं त्या बिचाऱ्याच्या जिभेवर होतं. आणि घाम पाहून सगळ्यांची खात्रीच पटली, की दुःख खरं आहे.

आत्याबाईंना गल्ली चांगलीच ओळखत होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या मागे महिनाभर लॉजवर राहिल्या होत्या, आणि एका डोळ्यावर पट्टी असताना दुसऱ्यानं त्यांनी साऱ्या गल्लीचे दोष टिपून घेतले होते. त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. माणसं येतच राहिली. आत कुणाला घेता येईना, म्हणून नवऱ्यानं व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. खुर्च्या मांडल्यामुळे जो आला तो बसला, आणि बसला तो उठेना.

मग रस्ता ओलांडून मिशीवाले आले. काळा कोट, हातात पांढरी फुलं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण दुःखात असल्यामुळे तो चेहऱ्यावर आणता येईना.

"मोठा आधार गेला," मिशीवाले म्हणाले. "कशानं गेल्या?"

"झोपेत," नवरा म्हणाला.

"पुण्यवान."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून वाफेचा लोट बाहेर पडला. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"साफसफाई चाललीय," बाई घाईनं म्हणाल्या. "आत्याबाईंना स्वच्छतेची फार आवड."

"आवड?" बेकरीवाल्या काकू म्हणाल्या. "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण माझे बिस्किटांचे दोन डबे नेले होते, अजून परत नाहीत. आणि वर म्हणाल्या, बिस्किटं शिळी होती."

"मला म्हणाल्या होत्या, तू कपडे धुतोस की कपडे तुला धुतात?" लाँड्रीवाल्यानं डोळे पुसले.

"स्पष्टवक्त्या होत्या," मिशीवाले म्हणाले. "माझ्या मिशांना झाडू म्हणाल्या, तेही भर रस्त्यात. पण त्यात माया होती हो."

"मला नाही बाई दिसली माया," काकू म्हणाल्या.

"मायाच होती. आज वाटतं, एकदा तरी त्यांना सांगायला हवं होतं, की बाई, तुमची जीभ..."

"बोला की," मागच्या खुर्चीवरून आवाज आला. "जिभेचं काय?"

लाँड्रीवाल्यानं आधी वळून पाहिलं आणि त्याच्या हातातला रुमाल खाली पडला. शेवटच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी आणि छत्री घेऊन, आत्याबाई बसल्या होत्या.

घडलं होतं ते अगदी सरळ. चांगुलपणापोटी लाँड्रीवाल्यानं सकाळीच आत्याबाईंच्या मुलाला फोन करून सांत्वन केलं होतं. मुलानं पाहिलं तर आई समोर बसून वाटाणे सोलत होती. आईनं सोललेले वाटाणे झाकून ठेवले, लुगडं बदललं आणि पहिली बस पकडली. तासाभराचा तर रस्ता. येऊन बघतात तो आपल्याच दुखवट्याची सभा भरलेली. त्या गुपचूप मागे बसल्या आणि डब्यांपासून झाडूपर्यंत सगळं ऐकलं.

"कशानं गेले म्हणालास रे मी?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"झोपेत," भाचा पुटपुटला.

"झोपेत! मला सतरा रोग आहेत मेल्या, त्यातला एकही वापरता आला नाही? बी.पी. आहे, साखर आहे, गुडघे आहेत..."

"गुडघ्यानं कुणी मरत नाही आत्या."

"तू गप बस. सूनबाई, हा तर बावळटच आहे, तू सांग. मला का मारलंत?"

सगळे कडकबाईंकडे बघत होते. त्या काहीतरी जुळवणार तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि घामानं निथळलेला पेस्ट कंट्रोलवाला बाहेर आला. कोट त्यानं केव्हाच फेकून दिला होता. हातात काचेची बरणी.

"ताई!" तो गरजला. "चार नंबरच्या पलंगात ढेकणांचं अख्खं गाव निघालं, शाळेसकट! हे बघा!"

बरणी वर धरलेली. व्हरांड्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती; अर्थात त्याला नाही.

बाईंचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं. नवऱ्याला वाटलं, आता ही कोसळणार. तो खुर्ची घेऊन तिच्या मागे सरसावला. पण बाईंनी कमरेचा जुडगा नीट केला आणि सरळ मिशीवाल्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "आहेत. माझ्या लॉजमध्ये ढेकूण आहेत. मेलं कुणीच नाही, मरताहेत ते ढेकूण. हसायचं असेल तर हसून घ्या."

मिशीवाले हसले नाहीत. ते खुर्चीत थोडे हलले. मग उठले, पेस्ट कंट्रोलवाल्याजवळ गेले आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले.

"काय?" तो ओरडला. "तुमच्याकडे पण? किती खोल्यांत?"

आता मात्र पहिल्यांदा हसल्या त्या आत्याबाई. मग काकू, मग रंगाऱ्याची बायको. मिशीवाल्यांच्या मिशांची टोकं खाली आली. कडकबाईंना हसायचा पूर्ण हक्क होता, इतक्या वर्षांची कोटी खरी ठरली होती. पण त्यांना हसू येईना. मिशीवाल्यांचा कान लाल झाला होता, आणि तो रंग कसा चढतो हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा सांगते."

पुढचा तासभर त्याच खुर्च्यांवर वेगळीच सभा चालली. पेस्ट कंट्रोलवाला मधोमध उभा राहून प्रश्न विचारत होता. दोन्ही लॉजचे कपडे एकाच गाठोड्यातून जातात, हे निघालं तेव्हा लाँड्रीवाल्यानं डोक्याला हात लावला. काकूंनी बराच वेळ आढेवेढे घेऊन कबूल केलं, की बेकरीच्या माळ्यावर कामगार झोपतात त्या गोधड्या त्यांनी गेल्या महिन्यात गुपचूप जाळल्या होत्या. रंगाऱ्याच्या घरी काही नव्हतं. तो मात्र सगळ्यांचं ऐकून तिथेच खाजवायला लागला.

बेत कडकबाईंनीच आखला. आज आपलं लॉज, उद्या समोरचं, परवा बेकरीचा माळा आणि लाँड्री. तोवर कुणी कुणाची गादी, खुर्ची, पडदा हलवायचा नाही. कपडे बांधून आणायचे, ते कढत पाण्यात पडेपर्यंत पिशवी उघडायची नाही. आणि पंधरा दिवसांनी याच क्रमानं दुसरा हात.

"उद्या जमणार नाही," मिशीवाले म्हणाले. "पाहुणे आहेत माझ्याकडे. त्यांना सांगू काय?"

"खरं सांगा," कडकबाई म्हणाल्या. "मी खोटं बोलून बघितलं. त्याला खुर्च्या फार लागतात."

आत्याबाई त्या दिवशी परत गेल्या नाहीत. मुलाला फोन करून म्हणाल्या, मी इथे काम काढलंय, वाटाणे तू सोल. दोन्ही घरांवर देखरेख करायची म्हणून त्या चांगल्या दोन आठवडे ठाण मांडून बसल्या. समोरच्या लॉजचे पलंग खोलले तेव्हा त्यांनी मिशीवाल्यांकडून एकेक स्क्रूचं भोक टॉर्चनं तपासून घेतलं. गुडघ्यांवर रांगताना मिशीवाले काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यात माया नव्हती.

या सगळ्याचं सोनं झालं असं मात्र नाही. कडकबाईंनी पाटी बदलून 'ढेकणांसाठी औषध फवारणी चालू' अशी लावली, आणि हंगामाचे उरलेले दिवस लॉज जवळजवळ रिकामं गेलं. लोक पाटी वाचायचे आणि तिसरीकडे जायचे. स्टँडमागच्या एका लॉजवाल्यानं तर प्रवाशांना सांगायला सुरुवात केली, की त्या गल्लीत ढेकणांची जत्रा भरते. बाईंनी ते ऐकलं आणि रात्री जेवल्या नाहीत. नवरा म्हणाला, "काढूया का पाटी?" बाई म्हणाल्या, "दुसरा हात होईपर्यंत राहू दे." नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धंद्यात असल्याचा आनंद दिसला. खरं बोलायला त्याला आता मुभा होती. येईल त्याला तो वाफेपासून अंड्यांपर्यंत सगळं सविस्तर सांगायचा आणि आलेला माणूस घालवायचा.

दुसऱ्या फवारणीनंतर चादरींवर एक ठिपका दिसला नाही. बाई रोज बघत होत्या. कवळ्यांचा एजंट पुढच्या महिन्यात आला, पाटी काढली होती तरी त्याला सगळं सांगण्यात आलं, आणि त्यानं चार नंबरच मागितला. "वाफ घेतलेली खोली म्हणजे नवी खोली," तो म्हणाला. सकाळी खाली आला तेव्हा बाईंनी आधी त्याचे दोन्ही हात उलटे सुलटे करून पाहिले, मग चहा दिला.

मग बाईंनी वाफेचं एक छोटं मशीन विकत घेतलं आणि तेव्हापासून एक नियम केला. किल्ली देण्याआधी गिऱ्हाइकाला खोलीत न्यायचं, त्याच्यासमोर गादी उचलून शिवण टॉर्चनं दाखवायची, आणि मग त्याचं सामान बाहेरच उघडायला लावून तेही बघायचं. काही जण चिडायचे. टाय लावलेला एक माणूस "मी कोण आहे माहीत आहे का?" म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुम्ही माहीत आहात हो. बॅगेत कोण आहे ते बघायचंय." तो तणतणत निघून गेला.

मग एकदा दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या, लांबचा प्रवास करून, तीन ठिकाणी मुक्काम करत. बॅगा उघडायला सांगितल्यावर धाकटी रागावली, पण थोरलीनं निमूटपणे चेन ओढली. बाईंनी टॉर्च फिरवला आणि अस्तराच्या घडीत त्यांना एक सापडला. चांगला पोसलेला. कुठल्या मुक्कामाहून बसला होता कोण जाणे.

थोरलीचा चेहरा उतरला. तिनं बॅग बंद करायला घेतली. "आम्ही जातो," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"जाता कुठे?" कडकबाई म्हणाल्या. त्यांनी ढेकूण कागदाच्या चिमटीत धरला, चिरडला आणि दोन्ही बॅगा उचलून नवऱ्याच्या हातात दिल्या. "अहो, या मागच्या अंगणात न्या. वाफेचं मशीन लावा. कपडे कढत पाण्यात." मग बहिणींकडे वळल्या. "तोवर माझ्या साड्या देते नेसायला. खळीच्या आहेत, जरा आवाज करतात."